मॉरिशसला 'छोटा भारत' म्हणण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : रविवार पुरवणीतील मॉरिशसविषयक लेख

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत मॉरिशसवर आलेला पानभर लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडीने वाचला, कारण मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने त्या बेटावर मी दोन खेपांत मिळून साडेसात महिने राहून आलो आहे. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन वाचला, कारण कुडाळ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवल्यामुळे, चुकलेल्या वाक्याखाली रेघ ओढल्याशिवाय पुढे जाण्याची सवय मला राहिलेली नाही. लेख प्रेमाने लिहिलेला आहे, याबद्दल शंका नाही. परंतु शीर्षकापासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यात 'छोटा भारत' हा शब्दप्रयोग सहा वेळा येतो, आणि तेथील दाल पुरी ही 'आपलीच पुरणपोळी', तेथील सेगा हा नाच 'आपल्या कोळीनृत्याचा भाऊ', तेथील डोडो हा 'स्वतःच्या मूर्खपणाने संपलेला पक्षी' अशी विधाने येतात. लेखासोबत एका पक्ष्याचे छायाचित्रही आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

मॉरिशसमधील सुमारे दोन-तृतीयांश लोकांचे पूर्वज भारतातून गेले, हे खरेच आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले आणि त्यानंतरच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करारावर तेथे नेली गेली. ज्या धक्क्यावर ती उतरत, त्या धक्क्याच्या सोळा दगडी पायऱ्या आज 'आप्रवासी घाट' या नावाने जपलेल्या आहेत आणि २००६ साली युनेस्कोने त्या जागतिक वारशात घेतल्या. मी त्या पायऱ्यांवर उभा राहिलो आहे. त्या इतक्या थोड्या आणि इतक्या साध्या आहेत की, आपल्याकडच्या एखाद्या खाडीवरच्या तरीच्या धक्क्याची आठवण व्हावी. परंतु याच बंदरातून जरा दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे गेले, की ल मॉर्न ब्राबाँ नावाचा ५५६ मीटर उंचीचा उभ्या कड्यांचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. २००८ साली तोही जागतिक वारशात गेला. आफ्रिका आणि मादागास्करमधून पकडून आणलेले गुलाम मळ्यांतून पळून त्या कड्यांवरच्या कपारींत लपत असत. गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला १ फेब्रुवारी १८३५ रोजी शिपाई डोंगरावर चढले, तेव्हा ते आपल्याला पकडायलाच आले आहेत असे समजून त्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा बेटावर सांगितली जाते. ती इतिहासाच्या कसोटीला किती उतरते, हा प्रश्न वेगळा. बेटावर मात्र १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. एका देशाच्या दिनदर्शिकेत गुलामांच्या मुक्तीचा आणि मजुरांच्या आगमनाचा असे दोन दिवस शेजारी नांदत असताना, आपल्या लेखात त्यांतला एकच उरावा, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आता पुरणपोळीबद्दल. दाल पुरी ही बिहारच्या भोजपुरी मुलखातून गेलेली आहे आणि ती मुळीच गोड नसते. पिवळी डाळ मऊ पण कोरडी राहील इतपत शिजवायची, निथळून भुगा होईपर्यंत वाटायची, त्यात हळद आणि भाजलेले जिरे घालायचे, डाळ शिजवलेले पाणी फेकून न देता त्याच पाण्यात मैदा मळायचा आणि मग सारण भरून पुरी पातळ लाटून तव्यावर तेलाचा हात फिरवत भाजायची. नावात पुरी असली तरी ती तळत नाहीत. एवढ्यापर्यंत बिहारचा माणूस तिला ओळखेल. पुढे मात्र ती त्याच्या हातून निसटते. रस्त्याकडेचा विक्रेता काचेच्या पेटीतून दोन पुऱ्या काढतो, कारण ती नेहमी जोडीनेच घ्यायची असते. त्यांवर आपण ज्याला डबल बी म्हणतो त्या मोठ्या दाण्याची दाट कढी पसरतो. तिच्यावर टोमॅटो, कांदा आणि थाइम नावाचा सुगंधी पाला यांचा 'रुगाय' घालतो, जो फ्रेंच वसाहतीच्या काळापासूनच्या क्रिओल, म्हणजे मुख्यतः गुलामांच्या वंशजांच्या, स्वयंपाकघरातला आहे. कोथिंबिरीची 'सातिनी' आणि ठेचलेली मिरची लावतो आणि कागदात गुंडाळून हातात देतो. उभ्याउभ्या ती खाणाऱ्यांत कार्यालयातला साहेब असतो, शाळकरी मुलगी असते, चिनी दुकानदार असतो, आफ्रिकी वंशाचा मच्छीमार असतो, आणि त्यांतला कोणीही तिला भारतीय पदार्थ म्हणून खात नाही. ती त्यांची असते. आपण तिला 'आपलीच' म्हटले, तर त्या रुगायचे काय करायचे?

खरे तर शोधायचेच असेल, तर मराठी माणसाला तेथे अधिक जवळचे काही सापडते, पण लेखकाच्या नजरेतून ते निसटले. तेथे सकाळी न्याहारीला 'गातो पिमा' खातात. नावाचा शब्दशः अर्थ मिरचीचा केक. प्रत्यक्षात तो भिजवलेली डाळ भरड वाटून, त्यात कांद्याची पात, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घालून तळलेला छोटा डाळवडा असतो. तो गरम असताना लोणी लावलेल्या पावात दाबून खातात. वडा आणि पाव एकत्र आणण्याची कल्पना फक्त मुंबईच्या गिरणगावाला सुचली, असा माझा समज होता. पोर्ट लुईच्या बाजारात पहिल्या सकाळीच तो गळून पडला. 'विंदाय' नावाचा मासळीचा प्रकार तर थेट गोव्याच्या दारात नेऊन सोडतो. हळद, मोहरी, लसूण, व्हिनेगर आणि हिरव्या मिरच्यांत मुरवलेला तळलेला मासा किंवा कालव्यासारखा चिवट लागणारा 'उरीत', म्हणजे आठ पायांचा ऑक्टोपस, असे त्याचे रूप असते. गोव्याचा विंदालू ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला, त्याच कुळातले हे नाव मानले जाते. मात्र गोव्यातला विंदालू प्रामुख्याने डुकराच्या मांसाचा आणि लाल मिरचीचा, तर हा पिवळाधमक आणि मोहरीचा झणका देणारा. एकच शब्द दोन किनाऱ्यांवर दोन वेगळ्या हंड्यांत शिजला. त्यांतला कोण मूळ आणि कोण नक्कल, हे ठरवण्याची घाई कशासाठी करायची?

भाजीबाजाराबद्दल थोडे लिहिण्याचा मोह आवरत नाही. दोडक्याला तेथे 'पिपेंगाय' म्हणतात, हा शब्द तमिळ मजुरांच्या तोंडून आला. भेंडीला 'लालो', कारल्याला 'मार्गोझ' आणि पडवळाला 'पातोल' म्हणतात. पालेभाजीला एकच सर्वसाधारण शब्द आहे, 'ब्रेद'. शेवग्याचा पाला म्हणजे 'ब्रेद मुरुम' आणि अळू म्हणजे 'ब्रेद साँज'. यांतला शेवटचा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण डोडोकडे जायची वाट त्याच्यावरूनच जाते. दुपारी उन्हात फिरून आल्यावर 'अलुदा' प्यायचा असतो, तो आपल्या फालुद्याचाच वंशज असून त्यात सब्जाचे बी आणि अगर-अगरचे तुकडे असतात. गोडाच्या बाबतीत मी अधिक लिहीत नाही, कारण डॉक्टरांनी मला त्या विषयावर बोलण्याचीसुद्धा परवानगी ठेवलेली नाही.

बेटाच्या आग्नेय भागात, विमानतळाजवळ, 'मार ओ साँज' नावाची एक दलदल आहे. फ्रेंच भाषेत 'साँज' म्हणजे स्वप्न, त्यामुळे पुष्कळ प्रवासी त्याचे 'स्वप्नांचे तळे' असे भाषांतर करतात, आणि आपल्या लेखातही तसेच ते केलेले आहे. वास्तविक हा साँज म्हणजे क्रिओलमधला, फ्रेंचवरून घडलेल्या तेथील बोलीतला, अळू. ते अळवाचे तळे आहे. १८६५ साली जॉर्ज क्लार्क नावाच्या एका शाळामास्तराला याच तळ्याच्या चिखलात डोडोची हाडे मोठ्या संख्येने सापडली, आणि तोवर जो पक्षी जुन्या चित्रांत, खलाशांच्या गप्पांत आणि संग्रहालयांतल्या मोजक्या अवशेषांत उरला होता, त्याचा सांगाडा प्रथमच नीट उभा करता आला. शाळामास्तराचा उल्लेख मी मुद्दाम केला, हे कबूल करतो.

डोडो मूर्खपणाने संपला, या वाक्याखाली माझी रेघ सर्वांत जाड आहे. डोडो हा कबुतरांच्या कुळातला पक्षी होता आणि आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबारी कबूतर, जे आपल्याच अंदमान-निकोबारच्या बेटांवर आढळते. ज्या बेटावर वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी नव्हता, तेथे लक्षावधी वर्षे राहिलेल्या पक्ष्याला उडण्याची आणि घाबरण्याची गरजच पडली नव्हती, आणि तो जमिनीवर अंडे घालत असे. १५९८ साली डच खलाशी उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले आणि या पक्ष्याला 'किळसवाणा पक्षी' अशा अर्थाचे नाव दिले, कारण त्याचे मांस जितके शिजवावे तितके चिवट होई. म्हणजे खाऊन संपवण्याइतकाही तो कोणाला आवडला नव्हता. त्याचा घात झाला तो जहाजांतून उतरलेल्या उंदीर, डुक्कर आणि माकडांमुळे, ज्यांना जमिनीवरची अंडी आयती मिळाली, आणि काळ्या आबनुसाची जंगले तोडली गेल्यामुळे. त्याच्या शेवटच्या दर्शनाची सर्वसाधारणपणे स्वीकारली जाणारी नोंद १६६२ सालची आहे. पाऊण शतकही लागले नाही.

लेखकाला भारताचा धागा हवाच होता, तर तो येथे होता. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरतेला दोन डोडो पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराचे मानले जाणारे एक चित्र आज रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे आहे, आणि त्यात इतर पक्ष्यांच्या मधोमध एक तपकिरी डोडो उभा आहे. जिवंत डोडोकडे बघून काढलेल्या मोजक्या रंगीत चित्रांत त्याची गणना अभ्यासक अत्यंत विश्वासार्ह म्हणून करतात. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आगेमागे सुरतेच्या एखाद्या अंगणात दोन डोडो फिरत होते, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

मात्र भारताचा धागा नेहमी असा देखणाच असतो असे नाही. १७६२ साली टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी आपल्याकडून साळुंक्या तेथे नेण्यात आल्या. कीड आवरण्यासाठी दुसऱ्या देशातला प्राणी आणून सोडण्याच्या जगातील सुरुवातीच्या प्रयोगांत त्याचा उल्लेख होतो. आज साळुंकी बेटावर प्रत्येक तारेवर आहे. १९०० च्या सुमारास, प्लेगच्या भीतीने उंदरांचा नाश करण्यासाठी आपले मुंगूस नेण्यात आले. त्याने उंदरांपेक्षा जमिनीवर वावरणारे पक्षीच अधिक खाल्ले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपला गळ्यात गुलाबी पट्टा असलेला पोपटही तेथे पोहोचला, ज्याने बेटाच्या स्वतःच्या 'एको' पोपटाशी झाडाच्या ढोलींवरून भांडण मांडले. इतरांनीही कमी केले नाही. जावा बेटातले सांबर डचांनी आणले, ब्राझीलमधला तांबडा पेरू आणला गेला आणि त्याने उरलेल्या जंगलाचा गळा आवळला. आता चांगल्या स्थितीतले मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. गंमत अशी की हाच तांबडा पेरू बेटावरच्या लोकांचा जीव की प्राण आहे. हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे मीठ-मिरचीची पुडी घेऊन रानात जातात आणि पोट भरेपर्यंत तो खातात. राजमुद्रेवर एका बाजूला डोडो आणि दुसऱ्या बाजूला ते जावाहून आणलेले सांबर, आणि दोघांच्या जोडीला ऊस, असे चित्र आहे. नाहीसा झालेला मूळ रहिवासी आणि स्थायिक झालेले परके यांना इतक्या प्रांजळपणे एकत्र उभे करणारी दुसरी राजमुद्रा मला ठाऊक नाही.

त्या बेटाने पुढे जे केले, त्याला लेखात एक ओळही मिळालेली नाही, म्हणून मी जरा थांबतो. १९७४ साली मॉरिशसच्या खरुचीचे, म्हणजे तेथील छोट्या शिकारी पक्ष्याचे, जंगलात फक्त चार पक्षी माहीत होते. मलेरियाच्या डासांसाठी फवारलेले डीडीटी आणि जंगलतोड ही त्याची कारणे होती. १९७९ साली कार्ल जोन्स हे वेल्समधील तरुण जीवशास्त्रज्ञ तेथे गेले. त्यांनी घरट्यांतली पहिली अंडी उचलून कृत्रिम ऊब देऊन उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पक्ष्यांना वरचा खुराक पुरवला, लाकडी पेट्या टांगल्या, आणि पक्षी शेकड्यांत गेले. १९९० च्या सुमारास जेमतेम दहावर आलेले गुलाबी कबूतर आज काही शेकडे आहे, आणि तितकाच संपत आलेला एको पोपटही सावरला आहे. इल ओ एग्रेत या सव्वीस हेक्टरांच्या बेटावर तर आणखी नवल आहे. तेथली मूळ महाकाय कासवे केव्हाच नामशेष झाली, आणि त्यांच्या पोटातून जाऊन रुजणाऱ्या आबनुसाच्या बिया झाडाखालीच कुजत राहिल्या. २००० सालापासून तेथे सेशेल्समधल्या आल्दाब्रा बेटावरची कासवे आणून सोडली, आणि त्यांच्या विष्ठेतून आबनूस पुन्हा रुजू लागले. परक्या प्राण्यांनी उद्ध्वस्त झालेल्या ठिकाणी परक्याच प्राण्याने मूळच्याचे काम हाती घेतले. शाळेत अन्नसाखळी शिकवताना मला असे उदाहरण मिळाले असते, तर तास संपल्याची घंटा कोणी ऐकली नसती.

सारेच गोड आहे असे नव्हे. फळे खाणारे मोठे वटवाघूळ हा बेटाचा जुना रहिवासी आहे आणि मूळ झाडांचे बी तोच दूर नेतो. परंतु नोव्हेंबर-डिसेंबरात लिची पिकते, नाताळच्या मेजावर ती असावीच लागते, आणि तिच्यावर वटवाघळे तुटून पडतात. बागायतदारांच्या तक्रारींवरून २०१५ पासून सरकारने त्यांची हजारोंच्या संख्येने कत्तल करवली आणि २०१८ साली या वटवाघळाची गणना धोक्यात आलेल्या जातींत करावी लागली. मी कोकणातला माणूस आहे; वानरांनी कोवळे नारळ तोडून टाकलेल्या माडाखाली उभे राहून शेतकरी काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. त्यामुळे तेथील बागायतदाराला मी दूषण देणार नाही, पण हा वाद इतका ओळखीचा असताना तो आपल्या वाचकांपर्यंत पोहोचू नये, याचे वाईट वाटते.

लोककथांना लेखात 'भारतातून गेलेल्या पुराणकथा' असे एका वाक्यात उरकले आहे. तेथे रात्री गोष्ट किंवा कोडे सुरू करण्यापूर्वी सांगणारा 'सिरांदान?' असे विचारतो आणि ऐकणारे 'सांपेक!' असे ओरडतात. मग प्रश्न येतो, 'दिलो दिबुत?', म्हणजे उभे पाणी कोणते; उत्तर ऊस. 'दिलो पांदान?', टांगलेले पाणी कोणते, उत्तर नारळ. ऊस तोडणाऱ्यांच्या आणि माडाखाली बसणाऱ्यांच्या भाषेत एवढ्या दोन शब्दांत सारा मुलूख येतो. गोष्टींत लबाड ससा राजाच्या तळ्यात डुंबून पाणी गढूळ करतो आणि कासव आपल्या पाठीला चिकट डांबर फासून त्याला पकडते. हा ससा मुख्यतः आफ्रिकेच्या कथांतून आलेला आहे, पंचतंत्रातल्या सशाचा तो दूरचा सोयरा असला तर असो. पीटर बॉथ डोंगराच्या शेंड्यावर तोल साधून बसल्यासारखा एक प्रचंड गोल दगड आहे. एका गवळ्याने डोंगरावर पऱ्यांना नाचताना पाहिले, कोणाला सांगू नको असे बजावूनही त्याने ते सांगितले, आणि पुन्हा वर गेल्यावर तो दगड झाला, असे लोक सांगतात. अंजनेरीजवळच्या नवरा-नवरी सुळक्यांची आठवण येणारा वाचक येथे हसेल. त्याच पऱ्यांच्या नावाने 'परी तलाव' म्हटले जाणारे विवरातले तळे आज गंगा तलाव म्हणून प्रसिद्ध आहे. त्रियोले गावच्या एका पुजाऱ्याला १८९७ साली स्वप्नात त्या तळ्याचा गंगेशी संबंध दिसला, आणि तेव्हापासून महाशिवरात्रीला बेटभरातून लोक बांबूच्या कावडी खांद्यावर घेऊन तेथे चालत जातात. आणि अलीकडच्या काळातही भुतांना तेथे वाव आहे. १९९४ साली हॉलांडा चक्रीवादळानंतर दिवे गेले, तेव्हा अंगाला तेल चोपडून मध्यरात्री नागवा फिरणाऱ्या 'तुनी मिन्वी'च्या अफवेने लोक रात्र रात्र पहारा देत बसले होते. वीज आली आणि तो गेला.

सेगाला कोळीनृत्याचा भाऊ म्हणणे मला फार खटकले. गुलामांच्या झोपड्यांबाहेर, मालकाचा दिवस संपल्यावर, शेकोटीच्या उजेडात ते नाचले गेले. बकऱ्याच्या कातड्याचा 'राव्हान' हा डफ वाजवण्यापूर्वी आगीवर तापवून ताणतात. उसासारख्या कांड्यांची पेटी करून तिच्यात बिया भरतात आणि ती हलवतात, ती 'माराव्हान'. पाय जमिनीवरून फारसे उचलले न जाता सरकत राहतात. २०१४ साली युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली, आणि दोनच वर्षांनी भोजपुरी बायकांच्या लग्नातल्या 'गीत-गवई'लाही दिली. दोन्ही एकाच बेटाच्या नावावर आहेत. आपल्या मराठी माणसांचे नृत्यही तेथे आहेच आणि लेखकाने त्याचे नावही घेतलेले नाही. त्याला तेथे 'झाकरी' म्हणतात. गणपतीत पायाला चाळ बांधून रिंगण धरणारी आमची जाखडी ज्याने पाहिली आहे, त्याला तिचे कूळ सांगावे लागणार नाही.

मुंबई बंदरातून चढलेल्या आणि मुख्यतः कोकणातल्या त्या माणसांना तेथे 'बॉम्बे' म्हणत. हेन्रिएटा या गावी एका मराठी कुटुंबाने १८९६ साली गणपती बसवला, आणि आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. शाळांत मराठी शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचा पुढचा अभ्यास होतो. आमच्या शेजारी राहणाऱ्या साठीच्या बाई मराठी वंशाच्या होत्या. चतुर्थीला त्यांनी आम्हांला मोदक आणून दिले आणि सोबत डब्यात पांढऱ्या वाटाण्याच्या उसळीऐवजी थाइम घातलेला रुगाय. माझ्या पत्नीने कौतुकाने त्यांच्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्या जरा थांबून, शब्द जुळवत म्हणाल्या, "ताई, माझी मराठी शाळेतली आहे, घरातली नाही. घरात आम्ही क्रिओल बोलतो." त्यात खंत नव्हती आणि क्षमायाचनाही नव्हती, आपला पत्ता सांगावा तसे त्यांनी ते सांगितले. 'छोटा भारत' या दोन शब्दांत त्या बाई कुठे बसतात, हे मी बरेच दिवस शोधतो आहे. त्यांना तेथे बसवायचे तर त्यांची घरची भाषा काढून घ्यावी लागते, डब्यातला रुगाय काढून घ्यावा लागतो, आणि ज्या क्रिओल स्त्रियांनी त्यांच्या आजीला तो शिकवला असेल, त्यांनाही घराबाहेर ठेवावे लागते.

२०२० च्या जुलैत 'वाकाशिओ' हे जहाज बेटाच्या आग्नेयेला प्रवाळावर रुतले आणि पुढच्या महिन्यात त्यातून सुमारे हजार टन तेल खाजणात सांडले, तेव्हा माएबूरच्या किनाऱ्यावर लोकांनी उसाचा वाळका पाला कापडी पिशव्यांत कोंबून त्यांच्या लांबच लांब माळा शिवल्या आणि तेल अडवण्यासाठी पाण्यात सोडल्या. ज्या उसासाठी एकाला साखळदंडाने आणि दुसऱ्याला कराराने आणले, त्याचाच पाला त्या दोघांची पतवंडे एका रांगेत बसून शिवत होती. ही छायाचित्रे तेव्हा जगभर छापून आली होती. आपल्या लेखासाठी त्यांतले एखादे घेता आले असते.

आता छायाचित्राविषयी. लेखासोबत 'मॉरिशसचा दुर्मीळ एको पोपट' अशी ओळ देऊन जे चित्र छापले आहे, त्यातील पक्ष्याची शेपटी लांब आणि सडपातळ, रंग उजळ पोपटी आणि चोच लालभडक असून मानेभोवती वलय नाही, म्हणजे ती बहुधा मादी आहे. एको पोपट बांध्याने अधिक भरीव, रंगाने अधिक गडद आणि शेपटीने आखूड असतो, आणि त्याच्या मादीची चोच काळसर असते. त्यामुळे छापलेला पक्षी हा एको पोपट नसून भारतातून तेथे गेलेला आपल्याकडचा साधा पोपट आहे, जो माझ्या घरामागच्या शेवग्यावर रोज सकाळी येतो. पुढील रविवारी पुरवणीत ही दुरुस्ती, तसेच मार ओ साँजच्या नावाची आणि दाल पुरीच्या चवीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. योग्य छायाचित्र हवे असल्यास मी स्वतः काढलेली दोन आहेत. त्यांतले एक थोडे हललेले आहे, पण चोचीचा रंग स्पष्ट दिसतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग